दिवसा बरी, रात्री पांढरीफटक: दुकानाची उजेडाची पाटी का विटते आणि टिकवायची कशी

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. या दोन तारखांच्या मधे नाशिकचा एक अख्खा उन्हाळा येतो. ध्वजारोहणाच्या मुहूर्तावर हौसेनं लावलेली चकचकीत पाटी गर्दी येईपर्यंत तशीच राहील का, हा विचार मेन रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत प्रत्येक दुकानदारानं ऑर्डर देण्याआधी करायला हवा. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हा घाईघाईत बोर्ड बदलले गेले. त्यातल्या किती पाट्यांवरची भगवी अक्षरं आता बदामी झालीत, ते संध्याकाळी कॉलेज रोडनं एक चक्कर मारली तरी कळतं.

मिसळीच्या हॉटेलचा बोर्ड सगळ्यात आधी दगा देतो. लावला तेव्हा तर्री लालभडक, लिंबाची फोड पिवळीधमक, वर हिरवीगार कोथिंबीर. दोन-तीन उन्हाळे गेले की तर्री राखाडी-जांभळी, लिंबू जवळजवळ गायब आणि कोथिंबीर निळी. ही निळी कोथिंबीर नीट समजली, तर पाटी विटण्याचं निम्मं गणित सुटलं.

## पाटीच्या पोटात काय असतं

ज्याला आपण ग्लो साइन बोर्ड म्हणतो, तो म्हणजे पुढून उजेड जाऊ देणारा एक डबा. मागे पत्रा, चौकट लोखंडी पाइपाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, आत एलईडीचे छोटे तुकडे म्हणजे मॉड्यूल, त्यांना १२ व्होल्ट पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस, आणि पुढे तोंड. हे तोंड दोन प्रकारचं असतं. स्वस्तात बॅकलिट फ्लेक्स: धाग्याच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेलं, उजेड पार होऊ देणारं कापड. चांगल्या कामात दुधी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा आणि त्यावर चिकटवलेलं विनाइल, म्हणजे चिकट पाठीची पातळ फिल्म. रंग यावर छापलेला असतो तो चार शायांनी: निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. बोर्डावर दिसणारा प्रत्येक रंग या चौघींच्या मिश्रणातून आलेला असतो. लाल म्हणजे मॅजेंटा आणि पिवळी, हिरवा म्हणजे सायन आणि पिवळी, भगवा म्हणजे भरपूर पिवळी आणि निम्मी मॅजेंटा.

## कौल पावसानं फुटत नाही, गारेनं फुटतं

गच्चीवर कपडे उलटे करून का वाळत घालतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ऊन रंग खातं. पण उन्हातलं नेमकं काय खातं?

सूर्यप्रकाशात डोळ्यांना दिसणारा उजेड असतो आणि न दिसणारे अतिनील किरणही असतात. छपाईवाले त्यांना यूव्ही म्हणतात. फरक पाऊस आणि गारपिटीसारखा आहे. चार महिने पाऊस कोसळला तरी कौल फुटत नाही, पण पाच मिनिटांच्या गारपिटीत फुटतं, कारण गारेचा एकेक फटका जड असतो. यूव्हीचा प्रत्येक कण असाच जड असतो. शाईतल्या रंगद्रव्याच्या रेणूला ज्या बंधांमुळे रंग येतो, ते बंध तो तोडतो. हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा ते तुटलेलं पुन्हा जुळू देत नाहीत. तुटलेल्या रेणूला रंग नसतो, आणि बोर्ड फिका दिसायला लागतो.

यात उष्णता तेल ओतते. रसायनशास्त्रातला ढोबळ आडाखा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बाहेरच्या हवेपेक्षा बंद डब्याच्या आत जास्त तापलेलं असतं, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीसारखं.

## लाल आधी, निळा शेवटी

चारही शाया सारख्या टिकाऊ नसतात. काळी शाई कार्बनची, म्हणजे जवळजवळ काजळच. उन्हाला ती दाद देत नाही. सायनमधलं थॅलोसायनीन नावाचं निळं रंगद्रव्यही चिवट आहे. कच्चे दुवे मॅजेंटा आणि पिवळी. त्यांच्यातही चांगली-वाईट रंगद्रव्यं असतात. मॅजेंटात क्विनाक्रिडोन जातीचं रंगद्रव्य असेल तर ती बरीच टिकते, पण ते महाग पडतं आणि स्वस्त शाईत कात्री आधी तिथेच लागते.

आता कोथिंबिरीकडे वळू. हिरव्यातली पिवळी उडाली, सायन तशीच राहिली, म्हणून निळी. द्राक्षांच्या घडाचं चित्र असलेल्या बोर्डाचं हेच होतं. सोनाका द्राक्षं दोन वर्षांत परदेशी निळी फळं वाटू लागतात. तर्रीत मॅजेंटा आणि पिवळी दोन्ही गेल्या, खोलीसाठी घातलेली काळी-सायन उरली, म्हणून राखाडी.

यातून चित्र करतानाच दोन गोष्टी ठरवता येतात. पहिली, फिकट छटा टाळा. गुलाबी, पीच, क्रीम, चेहऱ्याचा रंग यांत मुळात शाईचे विरळ ठिपके असतात. गडद रंगातली चार आणे शाई गेली तर फरक चटकन जाणवत नाही, फिक्या छटेत तेवढी गेली की चित्रच पुसतं. दुसरी, दुकानाचं नाव आणि फोन नंबर फक्त मॅजेंटा-पिवळीच्या भरवशावर सोडू नका. लाल अक्षरांना काळी किंवा गडद निळी किनार दिली की लाल उतरला तरी नाव वाचता येतं.

## रात्रीच उघडी का पडते?

दुकानदाराची नेहमीची तक्रार: "दिवसा बोर्ड ठीक दिसतो, दिवे लावले की पांढराफटक." यात शाईवाला खोटं बोलत नाही आणि डोळेही फसवत नाहीत. हिशेब रुपये-आण्यांत मांडू.

शाईचा थर निम्मा उजेड अडवतो असं धरा. दिवसा बाहेरून रुपयाभर उजेड आला. शाईतून आत जाताना आठ आणे उरला, मागच्या पांढऱ्यावर आपटून परत येताना पुन्हा शाईतून गेला, उरला चार आणे. रात्री आतला उजेड शाईतून एकदाच जातो, म्हणून डोळ्यापर्यंत आठ आणे पोचतो. म्हणजे कोऱ्या बोर्डावरसुद्धा तोच रंग रात्री दिवसापेक्षा विरळ दिसतो.

आता शाई उतरून बारा आणे उजेड पार होऊ लागला. दिवसा बारा आण्याचे बारा आणे, म्हणजे रुपयातले नऊ आणे. शेजारचा पांढरा सोळा आण्यांचा, तेव्हा फरक अजून दिसतो. रात्री मात्र बारा विरुद्ध सोळा. अक्षर पार्श्वभूमीत विरघळायला लागतं.

म्हणून बॅकलिट छपाईत शाई जास्त द्यावी लागते. पाट्यांच्या धंद्यात याला डबल पास म्हणतात: त्याच जागेवर शाईचा दुहेरी थर. यूव्ही मशीनवर, म्हणजे यूव्ही दिव्याखाली शाई लगेच वाळवणाऱ्या मशीनवर, याहून चांगली सोय आहे. आधी रंग, त्यावर पांढऱ्या शाईचा पातळ थर, त्यावर पुन्हा तोच रंग. पांढऱ्यामुळे दिवसाही रंग खुलतो, आणि रात्री दोन्ही थर मिळून काम करतात. वरचा थर विटला तरी आतल्या थरावर पांढऱ्याची आडोशाची भिंत असते.

मग चौपट शाई ओतली तर चौपट टिकेल का? नाही. सॉल्व्हंट शाईचा, म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईचा, थर जाड झाला की आतला द्रावक बाहेर पडत नाही. वरून कोरडी, आतून ओली. गुंडाळली की पाठीला चिकटते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर दोन दिवसांनीही बोटाला लागते. छापणाऱ्याला "बॅकलिटच्या सेटिंगवर छापा" एवढं सांगणं पुरतं. आणि एक फुटाचा नमुना अंधारात एलईडी पॅनेलवर धरून बघा. छापखान्यातल्या ट्यूबखाली टेबलावर पसरलेला प्रिंट बघून पसंती देणं म्हणजे साडी न उलगडता घेणं.

## "पण आतल्या दिव्यानंच विटतो ना?"

हा गैरसमज ट्यूबलाइटच्या काळातला आहे, आणि तेव्हा त्यात थोडं तथ्यही होतं. ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ यूव्ही तयार करते, काचेच्या आतला पांढरा लेप त्याचा उजेड करतो, आणि किंचित यूव्ही निसटतो. शिवाय ट्यूब आणि चोक डब्यात उष्णता सोडत. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाची चिप असते, तिच्यावर पिवळा लेप असतो. यूव्ही जवळपास नसतोच. आजच्या बोर्डाचा गुन्हेगार बाहेर आहे, आकाशात.

मात्र एलईडी दुसऱ्या वाटेनं फसवतो. तो स्वतःच मंदावतो. चांगल्या मॉड्यूलचं आयुष्य मूळ उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात, म्हणजे "चालू आहे" आणि "पुरेसा आहे" या वेगळ्या गोष्टी. स्वस्त मॉड्यूल तापलं की त्यावरचा पारदर्शक थर पिवळा पडतो, उजेड कमी होतो आणि त्याची झाकही बदलते. शाई धडधाकट असताना मालक नवा फ्लेक्स छापून घेतो, आणि तोही मेलेलाच दिसतो.

## आधी पट्टी उचलून बघा

म्हणून नवीन काही करण्याआधी दहा मिनिटं खर्च करा. एमसीबी बंद करा. चौकटीच्या पुढच्या कडेला जी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी फ्लेक्स किंवा अ‍ॅक्रिलिक दाबून धरते, तिचे दोन-तीन स्क्रू सैल करून ती बोटभर उचला. तिच्या खाली अर्ध्या इंचाची एक फीत दिसेल, जिनं लावल्या दिवसापासून ऊन पाहिलेलं नाही. तिथला भगवा कोराकरकरीत असतो, आणि नखाएवढ्या अंतरावर, पट्टीच्या सावलीची रेघ संपते तिथून, तोच भगवा बदामी. ही रेघ ठळक असेल तर शाई उन्हानं गेली आहे. फीत आणि बाकीचा बोर्ड सारखेच असतील तर शाईला दोष देऊ नका, उजेड तपासा.

फीत ठीक पण बोर्ड मळकट दिसला, तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्यानं तळहाताएवढी जागा पुसा. कित्येकदा "विटलेला" बोर्ड नुसता काजळलेला असतो. फ्लेक्सचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असतं. उन्हानं ते पृष्ठभागावर येतं आणि धूळ-धूर धरून ठेवतं. नाशिकच्या द्वारकेसारख्या चौकात, जिथे दिवसभर ट्रक उभे असतात, हा थर काही महिन्यांतच चढतो.

विटण्याचा आकारही बोलतो. वरचा भाग पांढरा आणि खालचा बरा: ऊन. शेजारच्या दुकानाच्या आडव्या बोर्डाची सावली तिरक्या रेषेत कोरलेली: ऊनच, आणि कोणत्या दिशेचं तेही कळलं. गोल गोल पिवळट डाग, मॉड्यूलच्या जागी: आतली उष्णता, डबा उथळ आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उजेड उतरत गेलेला: व्होल्टेज. रांगेतल्या पहिल्या मॉड्यूलजवळ मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि शेवटच्याजवळ ११ च्याही खाली, तर तार लांब किंवा बारीक आहे.

## दुकानाचं तोंड कुठे?

छापखान्यात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि खरं तर सगळ्यात आधी विचारायला हवा.

नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणमुखी पाटीच्या थेट तोंडावर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो दुपारी डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते, आणि त्याच दक्षिणमुखी पाटीला ऊन नुसतं चाटून जातं. दक्षिणमुखी पाटी उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त सोसते, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं.

दक्षिणेच्या पाटीला छज्जा उपयोगी पडतो. वर एक फूट पुढे आलेला पत्रा असेल तर डिसेंबरच्या दुपारीही वरचा साधारण एक फूट भाग सावलीत राहतो, उन्हाळ्यात तर पूर्ण पाटी. पश्चिमेला हा उपाय पांगळा आहे. दुपारी तीननंतरचं ऊन समोरून आडवं येतं, छज्जाखालून आत शिरतं, आणि तीच वेळ दिवसातल्या सर्वांत तापलेल्या हवेची. पश्चिम आणि नैर्ऋत्य सर्वांत वाईट. गंगापूर रोड ढोबळमानानं पूर्व-पश्चिम जातो, तिथे दुकानांची तोंडं उत्तरेला नाही तर दक्षिणेला, आणि रस्त्याच्या दोन बाजूंच्या पाट्या एकाच दिवशी लावल्या तरी वेगवेगळ्या म्हाताऱ्या होतात. द्वारकेहून नाशिकरोडकडे जाणारा पुणे रस्ता आग्नेयेला जातो, त्यामुळे त्याची एक बाजू नैर्ऋत्यमुखी, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या तावडीत.

उत्तरमुखी पाटीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. यूव्हीचा मोठा हिस्सा हवेत विखरून निळ्या आकाशातून सगळीकडून येतो. सावलीतली पाटी सावकाश विटते, पण विटते.

## काय घ्यायचं: शाई, तोंड, लॅमिनेशन

बाजारात फ्लेक्स स्क्वेअर फुटाच्या भावानं विकला जातो, आणि त्या भावात शाई कोणती हे कुणी लिहीत नाही. साधी सॉल्व्हंट शाई स्वस्त. इको-सॉल्व्हंट, लॅटेक्स आणि यूव्ही शाई महाग. (यूव्ही शाई म्हणजे यूव्ही दिव्याखाली छापतानाच वाळणारी शाई. "उन्हाला न विटणारी" असा तिचा अर्थ सर्रास सांगितला जातो, तो चुकीचा.) प्रकार कुठलाही असो, टिकाऊपणा ठरतो तो शाईतल्या रंगद्रव्यावर. मूळ कंपनीची शाई की बाटलीत भरलेली दुसरी, हा प्रश्न मशीनच्या ब्रँडपेक्षा महत्त्वाचा.

पाटी चार-पाच वर्षं टिकवायची असेल तर फ्लेक्सवर अडून बसू नका. बॅकलिट फ्लेक्सवर फिल्मचं लॅमिनेशन सहसा जमत नाही. फ्लेक्स ताणून बसवतात, तापला की सैल होतो, गार पडला की आवळतो, आणि वरची फिल्म सुटून तिच्यात बोगदे पडतात. त्यावर पातळ पारदर्शक लेप मारता येतो, त्यानं थोडं आयुष्य वाढतं, एवढंच. फ्लेक्सच घ्यायचा असेल तर निदान बॅकलिटचाच, ५०० जीएसएमच्या वरचा घ्या. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. पुढून उजेडासाठीचा पातळ फ्लेक्स डब्यावर चढवला तर रात्री धाग्यांची जाळी आणि मॉड्यूलचे ठिपके दोन्ही दिसतात.

अ‍ॅक्रिलिकवर विनाइल लावायचं असेल तर मार्ग मोकळा. आणि इथे एक जुना, सरळ उपाय आहे जो छपाईच्या नादात मागे पडला: अक्षरं आणि सपाट रंग छापूच नका. रंगीत पारदर्शी विनाइल घ्या, मशीनवर कापा, चिकटवा. त्यात रंग फिल्मच्या अंगातच मुरलेला असतो, वर शिंपडलेला नसतो. कास्ट जातीची, म्हणजे ओतून बनवलेली, अशी लाल फिल्म छापलेल्या लालपेक्षा कितीतरी जास्त टिकते. फोटो हवा असेल तर तेवढाच भाग छापा. दुकानाचं नाव कापलेल्या विनाइलमध्ये आणि कोपऱ्यात छापलेली मिसळ, म्हणजे पुढे विटलेली मिसळ तेवढी बदलता येते.

छापलेल्या भागाला लॅमिनेशन हवंच. द्राक्षबागेवर पावसासाठी प्लॅस्टिक कापड टाकतात, तसं हे पांघरूण. त्यात यूव्ही शोषणारं द्रव्य असतं. ते मार स्वतः खातं आणि खाता खाता संपतं, म्हणून लॅमिनेशन कायमचं नसतं. क्रम असा: छपाई, मग मोकळ्या हवेत किमान २४ तास वाळवणं, पावसाळ्यात ४८ ते ७२. आजच्या आज लॅमिनेट करून द्या, अशी घाई करू नका. आत कोंडलेला द्रावक विनाइलचा गोंद मऊ करतो आणि महिन्याभरात कडा वर येतात. लॅमिनेशनही विनाइलच्याच जातीचं हवं. कास्ट विनाइलवर स्वस्त लॅमिनेशन लावलं तर दोन्ही वेगवेगळी आकसतात आणि कडा गुंडाळतात.

आणखी एक चांगली पद्धत आहे, पण ती फार कमी वापरली जाते: उलटं चित्र पारदर्शक फिल्मवर छापून पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या आतल्या बाजूला चिकटवणं, आणि त्यामागे उजेड पसरवणारी दुधी फिल्म. यूव्ही अडवणाऱ्या जातीचं अ‍ॅक्रिलिक घेतलं की पत्राच पांघरुणाचं काम करतो, पाऊस आणि पुसणं दोन्हींपासून शाई सुटते.

पत्रा बसवताना जागा सोडा. अ‍ॅक्रिलिक दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतं. १० फुटी, म्हणजे ३ मीटरचा पत्रा, थंडीच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत ४० अंशांचा फरक धरला तर ८ मिलिमीटरहून जास्त हलतो. चौकटीत घट्ट ठोकला तर फुगतो किंवा स्क्रूच्या भोकापासून तडकतो. अ‍ॅक्रिलिकऐवजी पॉलिकार्बोनेट घेतलं तर त्याला सहसा एकाच बाजूला यूव्हीचा लेप असतो आणि संरक्षक कागदावर ती बाजू छापलेली असते. ती आत गेली की दोन-तीन वर्षांत पत्राच पिवळा.

## आतली मांडणी, एका बोर्डाचा हिशेब

१० बाय ३ फुटांचा, ६ इंच खोल डबा घ्या. मॉड्यूलमधलं अंतर डब्याच्या खोलीपेक्षा जास्त नको, हा सोपा नियम. ६ इंचांवर मांडले तर आडवे २०, उभे ६, एकूण १२० मॉड्यूल. प्रत्येकी १.२ वॉट, म्हणजे १४४ वॉट. एसएमपीएसवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये, म्हणून १८० च्या वरचा, बाजारात मिळणारा २०० वॉटचा घ्या. सहाही रांगांना वेगळी तार द्या. १२० मॉड्यूल एकाच माळेत जोडले की शेवटचे उपाशी राहतात.

डब्याच्या आतून पांढरा रंग द्या. खाली पाणी निथळायला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं, वर बाजूला जाळी लावलेली हवेची वाट. जाळी विसरलात तर पहिल्या पावसानंतर किडे आत येतात आणि दिवे लागले की अक्षरांमागे त्यांच्या सावल्या. एसएमपीएस शक्यतो डब्याबाहेर, सावलीत. आणि मध्यरात्रीनंतर पाटी बंद करणारा टायमर लावा. तो शाई वाचवत नाही, पण एलईडी आणि बिल दोन्ही वाचवतो.

## "पाच वर्षांची गॅरंटी आहे की!"

कशाची, ते वाचा. फिल्म आणि शाईच्या कंपन्या आयुष्य सांगतात ते अटींसह: पाटी उभी, कंपनीचीच शाई, कंपनीचंच लॅमिनेशन, आणि बऱ्याचदा सौम्य हवामानाचा प्रदेश. उष्ण प्रदेशासाठी तक्त्यात वेगळा, लहान आकडा असतो, आणि तो पुढच्या पानावर असतो. तिरपी किंवा आडवी पाटी असेल तर आयुष्य आणखी घटतं, कारण आकाशाकडे तोंड. शिवाय "टिकणार" म्हणजे फाटणार नाही की विटणार नाही? तोंडी गॅरंटीत हे दोन्ही सोयीनं एकत्र होतात.

## "स्वस्त फ्लेक्स दर वर्षी बदलला तर काय बिघडलं?"

काही जणांचं खरंच काही बिघडत नाही. ज्याच्या पाटीवर दर दिवाळीला नवी ऑफर येते, ज्याची जागा भाड्याची आणि करार ११ महिन्यांचा, त्यानं स्वस्त फ्लेक्सच घ्यावा. टिकाऊ पाटीचा आग्रह त्याला धरणं म्हणजे मंडपाला पाया खणायला सांगणं.

पण सराफ, डॉक्टर, औषधाचं दुकान, ज्यांचं नाव वर्षानुवर्षं तेच, त्यांनी हिशेब करताना नुसता स्क्वेअर फुटाचा भाव धरू नये. दर वेळी शिडी किंवा परांची, दोन माणसं, जुना फ्लेक्स उतरवणं, नवा ताणणं, त्यात हलून तुटलेल्या तारा. पहिल्या मजल्यावरच्या पाटीला ही मजुरी फ्लेक्सच्या किमतीला सहज गाठते. आणि उतरवलेला पीव्हीसी फ्लेक्स कुणी जाळू नये. त्यातून विषारी धूर निघतो.

## पुसायचं कसं

सहा महिन्यांतून एकदा, सकाळी पत्रा थंड असताना, वीज बंद करून. आधी नुसतं पाणी, म्हणजे धुळीचे खडे वाहून जातील. मग भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी, मऊ कापड, वरून खाली. कोरडं फडकं घासू नका, ते अ‍ॅक्रिलिकवर बारीक ओरखडे पाडतं आणि रात्री प्रत्येक ओरखडा उजेडात चमकतो. थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांना हात लावू नका. सॉल्व्हंट शाई थिनरनं उतरते, आणि अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटनं कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. मुहूर्त दोन: पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी, आणि मार्चमध्ये, उन्हाळा चढण्याआधी, कारण काळपट थर जास्त ऊन शोषतो आणि पाटी जास्त तापते.

## ऑर्डर देताना

बिलावर पाच गोष्टी लिहून घ्या: फिल्म किंवा फ्लेक्सचं नाव आणि जीएसएम, शाईचा प्रकार आणि कंपनी, छपाई एकेरी की दुहेरी, लॅमिनेशन कोणतं, मॉड्यूल किती वॉटचे आणि एसएमपीएस किती वॉटचा. छापणारा लिहायला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

वेळ असेल तर चाचणी घरीच होते. छापलेल्या नमुन्याचा वहीच्या पानाएवढा तुकडा घ्या, ज्यात लाल, पिवळा, हिरवा आणि फिकट गुलाबी असे चारही असतील. निम्म्यावर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळा आणि गच्चीवर आकाशाकडे तिरपा करून मार्च ते मे ठेवा. तीन महिन्यांनी फॉइल काढा. दोन छापखान्यांचे तुकडे शेजारी ठेवले असतील तर कुणाची पिवळी कच्ची, हे दारातूनच दिसेल.

पाटी लावून झाल्यावर उरलेला छापील तुकडा फेकू नका. मागे तारीख लिहून गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये, अंधारात ठेवा. पुढच्या वर्षी पाटी पुसताना तो तिच्या शेजारी धरा. तो नसेल तर पुन्हा पट्टीचे स्क्रू सैल करायचे आणि अर्ध्या इंचाच्या त्या फितीवर समाधान मानायचं.